गोळी घ्यायची आठवण आणि गोळी घेतल्याची आठवण



मागच्या उन्हाळ्यात आमच्या आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी इकडे न्यू जर्सीला आल्या होत्या. वय ७४, नोकरी सगळी बँकेत झालेली, इंग्रजी पेपर रोज वाचायची सवय. त्यामुळे ‘मला इंग्रजी येत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी कधीच नसतं, आणि ते बरोबरही आहे. एका सकाळी रक्त तपासायचं म्हणून त्यांना उपाशीपोटी दवाखान्यात न्यायचं होतं. उपाशीपोटी म्हणजे अगदी काहीच घ्यायचं नाही, असं समजून आईंनी त्या दिवशी रक्तदाबाची गोळीही घेतली नाही. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा निघाला १७२! तिने भराभर टाइप करता करता विचारलं, ‘‘डू यू रिमेंबर टेकिंग युवर पिल धिस मॉर्निंग?’’ आईंनी हसतमुखाने उत्तर दिलं, ‘‘येस, येस, आय ऑलवेज रिमेंबर!’’

नर्सने लिहिलं, गोळी घेतलेली आहे. थोड्या वेळाने डॉक्टर आले, त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, गोळी घेऊनही दाब एवढा असेल तर दुसरी गोळी सुरू करावी लागेल. तेव्हा आम्हाला काहीतरी खटकलं. मराठीत विचारलं, ‘‘आई, आज गोळी घेतली होती ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अगं, कशी घेईन? उपाशी यायला सांगितलं होतं ना!’’

दुसरी गोळी रद्द झाली. उपाशीपोटी तपासणी असेल तर रोजच्या गोळ्यांचं काय करायचं ते पुढच्या वेळी आधी विचारून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं आणि आम्ही घरी आलो. पण गाडीत सगळा वेळ आमच्या डोक्यात तेच एक वाक्य घोळत होतं. आई खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्नातला एकही शब्द त्यांना अवघड नव्हता. मग चुकलं कुठे?

चुकलं ते ‘रिमेंबर’च्या पुढे. नर्सने विचारलं होतं ‘रिमेंबर टेकिंग’, आणि आईंच्या कानांनी ऐकलं ‘रिमेंबर टू टेक’. पहिल्याचा अर्थ, गोळी घेतल्याचं आठवतंय का? दुसऱ्याचा अर्थ, गोळी घ्यायची आठवण राहते का? मराठीत हे दोन प्रश्न कोणीही एकमेकांत मिसळणार नाही. ‘घेतल्याचं’ आणि ‘घ्यायची’ या दोन रूपांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो आपल्या शेंबड्या पोरालाही कळतो. म्हणजे भेद आपल्याला ठाऊक आहे. तो इंग्रजीत कुठे ठेवलेला असतो, एवढंच ठाऊक नाही.

आज त्याच विषयावर चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखप्रपंच. आम्ही काही भाषातज्ज्ञ नव्हे. पण इतकी वर्षं इथे राहून, ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात ठेचा खात जे शिकलो ते आपल्या माणसांसमोर मांडायला हरकत नसावी.

क्रियापदाचं बिऱ्हाड

शाळेत आपण इंग्रजी शिकलो ते शब्दार्थ पाठ करून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण ‘सजेस्ट म्हणजे सुचवणे’ एवढं पाठ केलं की काम संपलं असं आपल्याला वाटायचं. प्रत्यक्षात इंग्रजी क्रियापद एकटं राहत नाही, त्याचं आख्खं बिऱ्हाड असतं. त्याच्यामागे माणूस येणार की नाही, पुढचं क्रियापद ‘टू’ लावून येणार, नुसतंच येणार की ‘इंग’ लावून येणार, हे ते क्रियापद स्वतः ठरवतं. अर्थ सारखा असला तरी बिऱ्हाड सारखं असेलच असं नाही.

ही अडचण फक्त आपलीच आहे असं मात्र मुळीच नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात जपानला इंग्रजी शिकवायला गेले. शब्द आणि व्याकरण येऊनही विद्यार्थी वाक्य चुकवतात, हे परदेशी मुलांना शिकवणाऱ्याच्या रोजच्या अनुभवातलं. हॉर्नबींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो शब्दकोश केला त्यात प्रत्येक क्रियापदापुढे त्याचा साचा कोणता तेही दिलं. असे २५ साचे त्यांनी पाडले होते. तो कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो बाहेर आणला, आणि आज आपण ज्याला ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतो त्याचा हा पूर्वज. म्हणजे इंग्रजी परकी असलेल्या माणसाला काय हवं असतं हे ओळखून केलेला कोश.

आता २५ साचे पाठ करायला कोणाला वेळ आहे? आम्ही एक सोपी युक्ती वापरतो. वाक्य आधी मराठीत म्हणून पाहायचं आणि मराठी क्रियापदाच्या शेपटाकडे नीट लक्ष द्यायचं. ‘करायला’, ‘करू’, ‘करून’, ‘केल्याचं’ ही शेपटं बहुतेक वेळा वाट दाखवतात.

करायला सांगणे, करायला लावणे, करू देणे

‘करायला सांगणे’ असेल तर इंग्रजीत क्रियापद, मग माणूस, मग ‘टू’. ‘शी टोल्ड मी टू वेट’, ‘आस्क हिम टू कॉल’, ‘रिमाइंड मी टू बाय मिल्क’. अ‍ॅडव्हाइस, वॉर्न, इन्व्हाइट, एक्स्पेक्ट ही सगळी याच आळीत राहतात. इथे आपण फारसे चुकत नाही. फक्त ‘से’ या आळीत येत नाही हे लक्षात ठेवायचं. ‘ही सेड मी टू वेट’ हे आपल्या ‘तो मला म्हणाला’चं सरळ भाषांतर आहे. तिथे ‘टोल्ड’ हवं.

‘करायला लावणे’ आणि ‘करू देणे’ इथे मात्र ‘टू’ गायब. ‘शी मेड मी वेट’, ‘लेट हिम गो’. आपल्या तोंडून हटकून ‘मेड मी टू वेट’ आणि ‘लेट हिम टू गो’ येतं, कारण बाकी सगळीकडे ‘टू’ लावायची सवय झालेली असते. यामागे थोडा इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप पुष्कळ ठिकाणी ‘टू’शिवायच यायचं. पुढच्या शतकांत ‘टू’वालं रूप पसरत गेलं आणि त्याने बरीचशी जागा घेतली. पण कॅन, मस्ट, विल यांच्याबरोबर लेट, सी, हिअर ही मंडळी जुन्याच वाड्यात राहिली. ‘मेक’ही त्यांच्याच पंगतीला बसला. म्हणून ‘आय सॉ हिम फॉल’, ‘आय हर्ड हर सिंग’. यातही गंमत अशी की वाक्य उलटं फिरवलं की ‘टू’ परत हजर होतो: ‘वुई वर मेड टू वेट’. आणि ‘लेट’चाच सख्खा शेजारी ‘अलाऊ’, त्याला ‘टू’ लागतोच: ‘अलाऊ हिम टू गो’. ‘हेल्प’ मात्र समजूतदार आहे, त्याला दोन्ही चालतं.

सुचवणे, समजावणे आणि इच्छा

आपल्या सगळ्यांची दुखरी जागा म्हणजे ‘सजेस्ट’. ‘डॉक्टर सजेस्टेड मी टू वॉक डेली.’ हे वाक्य आम्ही स्वतः कित्येक वर्षं म्हटलं आहे. मराठीत ‘मला चालायला सुचवलं’ म्हणता येतं, आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ला तो साचा चालतो, मग ‘सजेस्ट’ला का नको? काही कारण नाही, त्या क्रियापदाचं बिऱ्हाड तसं नाही इतकंच. तिथे ‘सजेस्टेड दॅट आय वॉक’ किंवा ‘सजेस्टेड वॉकिंग’. जीभ वळत नसेल तर सरळ ‘टोल्ड मी टू’ किंवा ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी टू’ म्हणावं. अर्थ तोच आणि चूक नाही.

‘एक्स्प्लेन’चंही तसंच. ‘एक्स्प्लेन मी’ म्हणजे मराठी ‘मला समजावून सांगा’ जसंच्या तसं. तिथे आधी गोष्ट, मग ‘टू’ आणि माणूस: ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ची गरज नसते, कारण ‘च्याबद्दल’ त्याच्या पोटातच आहे.

इच्छेचं वाक्य तर फारच पाहण्यासारखं. मराठीत आपण म्हणतो, ‘तू यावंस असं मला वाटतं’. म्हणून नवीन आलेला माणूस म्हणतो, ‘आय वॉन्ट दॅट यू शुड कम’. इंग्रजी म्हणतं, ‘आय वॉन्ट यू टू कम’. आता आपल्या इथे जन्मलेल्या मुलांचं मराठी आठवा. ‘आई, मला तू यायला पाहिजे!’ ऐकलंय ना घरोघरी? आपण हसतो. पण नीट पाहिलं तर पोरगं तेच करतंय जे आपण ऑफिसात करतो. शब्द एका भाषेतले, साचा दुसरीचा! आपण मराठी साच्यात इंग्रजी ओततो, मुलं इंग्रजी साच्यात मराठी. फिट्टंफाट!

कोण गेलं, कोणी घालवलं?

मधला माणूस आला की गेला, एवढ्यावर सगळा अर्थ फिरतो याचं एक उदाहरण. आमच्या ओळखीच्या एका घरी शाळेतून फोन आला. मुलाच्या बाईंनी सांगितलं, ‘‘ही आस्क्ड टू लीव्ह द क्लास.’’ आईने ऐकलं की मुलाला वर्गातून जायला सांगितलं. ती रडवेली होऊन शाळेत पोचली, वाटेत मुलाला काय काय बोलायचं ते ठरवत. तिथे कळलं, मुलाचं पोट दुखत होतं म्हणून त्याने स्वतःच बाहेर जायची परवानगी मागितली होती. तो नर्सच्या खोलीत उशी पोटाशी धरून आईची वाट पाहत बसला होता.

‘ही आस्क्ड टू लीव्ह’ म्हणजे त्याने जायची परवानगी मागितली. ‘ही वॉज आस्क्ड टू लीव्ह’ म्हणजे त्याला जायला सांगितलं. फोनवर तो बारीकसा ‘वॉज’ ऐकू आला की नाही, यावर मुलाला शाबासकी मिळणार की बोलणी, हे ठरतं. तेव्हा अशा वेळी न लाजता उलट विचारावं, ‘‘डिड ही वॉन्ट टू गो, ऑर डिड यू सेंड हिम?’’

केलं की करून घेतलं?

मराठीत ‘मी केस कापले’, ‘आम्ही घर बांधलं’, ‘गाडी दुरुस्त केली’ असं सहज म्हणतो. गवंडी कोण, मेकॅनिक कोण, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. बारकाईने सांगायचं तर ‘करून घेतलं’ आहेच की आपल्याकडे. इंग्रजी मात्र त्या बारकाईचा आग्रह धरतं. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर समोरचा तुमच्या डोक्याकडे कौतुकाने बघेल, हा माणूस घरी आरशासमोर कात्री चालवतो! ‘आय गॉट माय हेअर कट’ किंवा ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे कापून घेतले. साचा असा: ‘गेट’ किंवा ‘हॅव’, मग वस्तू, मग झालेलं काम.

केसांचं ठीक आहे, हसून सोडून देता येतं. पण विम्याच्या कागदावर नाही. एका स्नेह्यांच्या छपराचं वादळात नुकसान झालं. त्यांनी अर्जात लिहिलं, ‘आय रिपेअर्ड द रूफ’. विमा कंपनीचं पत्र आलं की तुम्ही स्वतः दुरुस्ती केली आहे, तर मजुरीची रक्कम कशाची? ठेकेदाराचं बिल जोडून, ‘आय हॅड द रूफ रिपेअर्ड’ असं लिहून पुन्हा पाठवावं लागलं. पैसे मिळाले, पण दोन महिने गेले. तेव्हा काम दुसऱ्याने केलं असेल तर लिहितानाही ‘करून घेतलं’च लिहावं.

‘टू’ की ‘इंग’

आता परत आईंच्या गोळीकडे. पुष्कळ क्रियापदांना दोन्ही चालतं आणि अर्थात फरक पडत नाही. ‘इट स्टार्टेड टू रेन’ काय आणि ‘इट स्टार्टेड रेनिंग’ काय, पाऊस तोच. काहींना एकच चालतं. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड यांना ‘इंग’च हवं. जाता जाता, ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ या प्रश्नाला ‘येस’ म्हणू नका बरं का. त्याचा अर्थ ‘हो, मला त्रास होईल’! पण चार-पाच क्रियापदं अशी आहेत की तिथे ‘टू’ आणि ‘इंग’ने अर्थच बदलतो, आणि दवाखान्यात नेमकी तीच लागतात.

‘स्टॉप’ घ्या. ‘आय स्टॉप्ड टेकिंग द पिल’ म्हणजे गोळी घ्यायचं बंद केलं. ‘आय स्टॉप्ड टू टेक द पिल’ म्हणजे गोळी घ्यायला थांबलो, म्हणजे घेतली! एका वाक्यात गोळी पोटात, दुसऱ्यात डबीत.

‘फर्गेट’ घ्या. ‘आय फर्गॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायला विसरलो, दार उघडं आहे. ‘आय’ल नेव्हर फर्गेट लॉकिंग दॅट डोअर’ म्हणजे ते दार लावल्याचं कधी विसरणार नाही, तो प्रसंग मनात राहिला आहे.

‘ट्राय’ घ्या. ‘आय ट्राइड टू ओपन इट’ म्हणजे उघडायचा प्रयत्न केला, बहुधा उघडलं नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग इट’ म्हणजे उघडून पाहिलं. डॉक्टरांनी ‘ट्राय टेकिंग इट ॲट नाइट’ म्हटलं, तर रात्री घेऊन पाहा, फरक पडतो का बघू, असा त्याचा सूर असतो.

पाहा, प्रत्येक ठिकाणी मराठीत भेद तयार आहे. घ्यायची आणि घेतल्याची, घ्यायला आणि घ्यायचं, उघडायचा आणि उघडून. ढोबळ मानाने ‘टू’ पुढे बघतो, अजून व्हायच्या कामाकडे. ‘इंग’ झालेल्या किंवा चालू असलेल्या कामाकडे बघतं. सगळीकडे लागू पडेल असा हा नियम नाही, पण रिमेंबर आणि फर्गेटला तो चपखल बसतो.

आता करायचं काय?

एक, नवीन क्रियापद भेटलं की त्याचा अर्थ न पाहता त्याचं एक आख्खं वाक्य उचलायचं. ऑक्सफर्डचा हा लर्नर्स कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो, त्यात प्रत्येक क्रियापदापुढे साचा आणि उदाहरणं दिलेली असतात.

दोन, आई-बाबा भारतातून आले असतील तर दवाखान्यात प्रश्न त्यांच्यासमोर मराठीत पुन्हा विचारावा. ‘गोळी घेतली का? किती वाजता?’ असा साधा. वेळ विचारली की गोंधळाला जागाच उरत नाही. आई-बाबांना कितीही चांगलं इंग्रजी येत असलं तरी हे करावं. तिथे मोठ्या रुग्णालयांत दुभाषा मागता येतो हेही विसरू नये. त्यात कमीपणा काही नाही.

तीन, आणि हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या सजेस्ट-मी-टू वाक्यांचा अर्थ समोरच्याला बहुतेक वेळा कळतोच. भारतात लाखो शिकलेली माणसं असंच बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणून ही लाजायची गोष्ट नव्हे. जिथे अर्थ बदलतो, म्हणजे गोळी, विमा, शाळा, तिथे जपायचं. बाकी ठिकाणी हसून सोडून द्यायचं.

दवाखान्यातून आलो त्या रात्री जेवताना आमची लेक आजीला म्हणाली, ‘‘आजी, यू शुड हॅव सेड नो. तुला इंग्लिश नीट नाही येत.’’ ताटावर शांतता पसरली. आईंनी घास खाली ठेवला. तीस वर्षं बँकेत इंग्रजीतून पत्रव्यवहार केलेली बाई, तिला १२ वर्षांच्या नातीने हे सांगावं! आम्ही काही बोलणार तेवढ्यात आईच म्हणाल्या, ‘‘खरं आहे बाळ. मला घ्यायचं आणि घेतल्याचं इंग्रजीत ओळखता आलं नाही. बरं, आता तू सांग, गोळी घ्यायची आठवण आणि गोळी घेतल्याची आठवण, यात फरक काय?’’

लेक विचारात पडली. मग म्हणाली, ‘‘एक फ्युचर आहे?’’ आई म्हणाल्या, ‘‘शाब्बास! मग आता दोघी मिळून शिकू. तू मला ‘इंग’ शिकव, मी तुला ‘ल्याचं’ शिकवते.’’

त्यानंतर आई जाईपर्यंत रोज सकाळी न्याहारीला आमच्या घरी एक ठरलेला संवाद चालायचा. नात विचारायची, ‘‘आजी, डू यू रिमेंबर टेकिंग युवर पिल?’’ आई घड्याळाकडे बघून म्हणायच्या, ‘‘येस, आय रिमेंबर टेकिंग इट ॲट सेव्हन थर्टी.’’ मग आई विचारायच्या, ‘‘आणि तुला काल गृहपाठ केल्याचं आठवतंय का?’’ आणि नात म्हणायची, ‘‘नाही आजी, पण करायची आठवण आहे!’’

आई परत गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. गोळी एकच चालू आहे, दाब ताब्यात आहे. रविवारी फोन झाला की हाच संवाद सांगली आणि न्यू जर्सीच्या मधून होतो.

तुमच्याही घरी असे किस्से झाले असतील, हसण्यावारी गेलेले किंवा महागात पडलेले. ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात आपण ते सगळ्यांबरोबर वाटून घेऊ.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.